दहा दातांचा पिनियन: वागळे इस्टेटमधील एका कामाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

डायल गेज (अगदी सूक्ष्म सरक काट्याने दाखवणारे मोजमापाचे यंत्र) दुरुस्त करून देणारे नवी मुंबईतील एक व्यावसायिक आज ठाण्यात आमच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यावर आले आणि कागदाच्या पुडीतून चार मोडके पिनियन, म्हणजे छोटे दातेरी डोके असलेले दांडे, त्यांनी टेबलावर ठेवले. ०.०१ मिमी लघुतम मापाच्या जुन्या गेजच्या मधोमध जो दांडा असतो आणि ज्याच्या टोकावर मोठा काटा बसतो, तो हा भाग. गेज हातातून पडले की बहुतेक वेळा हाच दांडा वाकतो, किंवा वर्षानुवर्षांच्या वापराने त्याचे दात झिजतात. सुटा भाग बाजारात मिळत नाही, म्हणून बाकी सर्व शाबूत असलेले गेज भंगारात जाते. त्यांना असे चारशे नग हवे आहेत आणि तेही गणपतीच्या आधी, म्हणजे ७ सप्टेंबरच्या आत.

नगाची ढोबळ मापे अशी आहेत. काट्याकडचा दांडा ०.८० मिमी व्यासाचा आणि ६ मिमी लांब. मध्ये दहा दातांचे डोके, त्याचा बाहेरचा व्यास अडीच मिमीच्या आसपास आणि लांबी ३ मिमी. मागे ०.५० मिमी व्यासाचा, १ मिमी लांबीचा पिव्हट, म्हणजे टेकून फिरणारे टोक. संपूर्ण नगाचे वजन माझ्या हिशेबाने ०.११ ग्रॅम भरते. दांड्याच्या व्यासाला वर शून्य आणि खाली ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) एवढीच सूट आहे.

आमच्याकडे आजवर तीन ते आठ मिमी व्यासाची कामे होत आली आहेत. तीन मिमीच्या निम्म्या मापाचे कामही आम्ही केलेले नाही. तरीही मी नमुने ठेवून घेतले आणि आठ दिवसांत कळवते असे सांगितले. चाळीस वर्षे चोख चाललेले मोजमापाचे यंत्र एका काडीएवढ्या भागासाठी टाकून द्यावे लागते, हे मला मनापासून सलते.

५ जून २०२४

नमुन्यावरून ड्रॉइंग काढण्याचे काम आज झाले, आणि त्यात एक मोठी चूक होता होता टळली.

या गेजची गणिती साखळी सरळ आहे. मोजायच्या वस्तूला टेकणाऱ्या सरकत्या काडीवर, म्हणजे प्लंजरवर, कोरलेल्या रॅकचे (सरळ रांगेतले) दात ०.६२५ मिमी अंतरावर आहेत. त्यांत गुंतणाऱ्या पहिल्या पिनियनला १६ दात आहेत, म्हणजे प्लंजर १० मिमी सरकला की तो एक फेरा पूर्ण करतो. त्याच दांड्यावर १०० दातांचे चाक आहे आणि ते आपल्या दहा दातांच्या पिनियनला फिरवते. त्यामुळे प्लंजरच्या १० मिमीला काट्याचे दहा फेरे होतात, १ मिमीला एक. डायलवर शंभर रेघा असल्याने एक रेघ ०.०१ मिमीची ठरते. आता ०.६२५ ला पायने भागले की मॉड्यूल (दातांचा आकार ठरवणारा आकडा) ०.१९९ येते, आणि प्रमाणित हॉबच्या (दात कापणाऱ्या टूलच्या) यादीत हे मॉड्यूल नसते. आख्खे गेज याच मॉड्यूलचे असणार असे धरून मी दिवसभर बसले होते. खास हॉब करून घेण्याचा खर्च चारशे नगांवर बसवला आणि नकार कळवायच्या बेतात होते.

आमच्याकडचे ज्येष्ठ टर्नर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी आकडेमोडीचा कागद पाहिला आणि म्हणाले, "अगं, ते बंधन रॅकला आहे. पुढच्या जोडीत फक्त शंभराला दहा एवढंच हवंय. दोन भोकांमधलं अंतर मोज आधी."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. चाक आणि पिनियन मिळून ११० दात, त्याच्या निम्म्याला मॉड्यूलने गुणले की दोन दांड्यांमधले अंतर मिळते. मॉड्यूल ०.१९९ असते तर ते १०.९४ मिमी आले असते, ०.२ असेल तर ११.०० यायला हवे. गेजची पितळी पाटी प्रोजेक्टरवर (वस्तूची आकृती पडद्यावर मोठी करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावून मोजले तर ११.०० आले. म्हणजे प्रमाणित ०.२ मॉड्यूलचा हॉब चालेल.

एक कोडे तरीही उरले होते. दहा दातांच्या ०.२ मॉड्यूल पिनियनचा बाहेरचा व्यास नेहमीच्या सूत्राने २.४० यायला हवा, पण नमुना २.५४ दाखवत होता. वीस अंश दाबकोनाच्या इन्व्हॉल्यूट (ठराविक वक्र आकाराच्या) दातांमध्ये सतरापेक्षा कमी दात असले की हॉब दाताच्या बुडाशी खोल खातो आणि दात मुळाशी कमजोर होतो. ते टाळण्यासाठी दातांचा आकार बाहेरच्या बाजूला सरकवतात. इथे ०.१४ मिमी व्यास वाढवला आहे, म्हणजे मॉड्यूलच्या ०.३५ पट सरक. सूत्राप्रमाणे दहा दातांना किमान ०.४१ हवी, तेव्हा बुडाशी अगदी किंचित खाल्ले जाईल, पण ते चालण्यासारखे आहे. अंतर ११.०० कायम राहायचे तर चाकाचा व्यास तेवढाच कमी केलेला असला पाहिजे, म्हणजे २०.४० ऐवजी २०.२६. चाक मोजले. २०.२६ निघाले. ज्याने हे गेज आखले त्याच्या वहीतला आकडा इतक्या वर्षांनी आपल्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला, याचा आनंद मला दिवसभर पुरला. काम घेतले असे संध्याकाळी कळवले.

१० जून २०२४

साहित्य म्हणून सिल्व्हर स्टील ठरवले आहे. एक टक्क्याहून थोडा अधिक कार्बन आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास क्रोमियम असलेले हे पोलाद नरम अवस्थेत चांगले कापले जाते आणि नंतर त्याला पाणी देता येते, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करता येते. मुंबईच्या नागदेवी बाजारातून ३ मिमी व्यासाचे, दोन मीटर लांबीचे पाच बार आणले. एका नगाला १० मिमी आणि नग तोडणाऱ्या पार्टिंग टूलचे ०.७ मिमी धरले, मागे उरणारा तुकडा सुमारे १८० मिमी सोडला, तर एका बारमधून १७० नग निघतात. चारशे नगांना तीन बार पुरे आहेत. दोन बार शिकण्यात जातील असे धरले आहे.

१२ जून २०२४

बार मोजले. एकाच बारवर व्यास २.९९४ पासून २.९८५ पर्यंत फिरतो आहे. साध्या लेथला हा नऊ मायक्रॉनचा फरक जाणवलाही नसता. पण हे काम स्लायडिंग हेडस्टॉकच्या (बार धरून फिरवणारा भागच सरकतो अशा) मशीनवर करायचे आहे, जिथे बार टूलच्या अगदी जवळ एका कार्बाइडच्या गाइड बुशमधून, म्हणजे आधाराच्या नळीतून, सरकतो. बुश आणि बार यांच्यात दोन-तीन मायक्रॉनच जागा ठेवायची असते. जाड भागाला बुश जुळवले तर बारीक भागाला बार डोलतो, आणि बारीक भागाला जुळवले तर जाड भाग अडकून बार खरवडला जातो.

शेजारच्या गल्लीत सेंटरलेस ग्राइंडिंग करणारे आहेत. त्यांच्याकडून बार २.९८० पर्यंत घासून आणले आणि मायक्रोमीटरने सगळीकडे तीन मायक्रॉनच्या आत माप लागले. तरी बुशमध्ये घातल्यावर बार फिरवताना ठराविक अंतराने जड लागत होता.

याचे कारण नोंदवून ठेवण्यासारखे आहे. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये जॉबला स्वतःचे केंद्र नसते. तो दोन चाकांमध्ये आणि पट्टीवर स्वतःच्याच पृष्ठभागाच्या आधाराने फिरतो. मांडणी चुकली तर बार गोल न होता तीन फुगवट्यांचा होतो. अशा आकाराची गंमत ही की समोरासमोरच्या दोन बिंदूंमध्ये मोजलेला व्यास सगळीकडे सारखाच भरतो, त्यामुळे मायक्रोमीटरला हा दोष दिसूच शकत नाही. बार व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वरून डायल लावला आणि हळूहळू फिरवला, तेव्हा एका फेऱ्यात काटा तीन वेळा वर गेला आणि तीन वेळा खाली आला. घासणाऱ्यांना हे व्ही-ब्लॉकवरच दाखवले. त्यांनी बारची उंची चाकांच्या मध्यरेषेच्या थोडी वर घेतली आणि पुन्हा हलका हात फिरवून दिला. आता व्ही-ब्लॉकवर दोन मायक्रॉनच्या आत आहे. व्यास २.९७२. पुढच्या खेपेला बार ताब्यात घेण्यापूर्वी तपासणी व्ही-ब्लॉकवरच करायची, हे ऑर्डरवर लिहून देणार आहे.

१८ जून २०२४

स्लायडिंग हेडस्टॉकचे मशीन दुसऱ्या कामातून आजच मोकळे झाले. तोपर्यंत काकांनी टूलरूमच्या साध्या लेथवर पाच नग करून पाहिले होते. दांडा डोक्याशी ०.८०२ आणि टोकाला ०.८३१. पाचही नग टोकाकडे जाड.

गणित केले तर यात आश्चर्य नाही. एका बाजूने धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे कमी होते. ०.८० मिमीच्या दांड्याच्या टोकावर, पकडीपासून ६ मिमी अंतरावर, टूलने आडवा १ न्यूटन, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाएवढा रेटा दिला तर तो १८ मायक्रॉन वाकतो. जॉब टूलपासून तेवढा दूर पळतो आणि व्यास दुप्पट, म्हणजे ३६ मायक्रॉन जाड राहतो. हाच रेटा आधारापासून ०.८ मिमी अंतरावर दिला तर वाकणे मायक्रॉनच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी होते. अंतर साडेसात पट घटवले की वाकणे चारशेपट घटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगराळ भागात घड्याळांचे स्क्रू आणि दांडे करण्यासाठी जी मशीन निघाली, त्यांची सारी बुद्धी या एका घनात आहे. टूल जॉबच्या लांबीवरून चालत नाही. टूल बुशच्या तोंडाशी उभे राहते आणि हेडस्टॉक बारला पुढे ढकलतो. कापले जाणारे ठिकाण कायम आधारालगत असते. मात्र याची किंमतही आहे. एकदा बुशबाहेर गेलेला बारीक भाग परत मागे घेतला तर बुशच्या भोकात तो सैल पडतो आणि आधार संपतो. म्हणून आधी रफ आणि मग फिनिश ही आपली सवय इथे उपयोगी नाही. २.९७ वरून थेट ०.८० वर, एकाच चालीत, एका बाजूने जवळपास १.१ मिमी खोल काप घ्यायचा आणि त्या जागी पुन्हा जायचे नाही.

आमच्या ऑपरेटरला हे पटायला वेळ लागला, कारण एवढ्या बारीक दांड्यावर एवढा खोल काप ही गोष्ट हाताला चुकीची वाटते. पण मोठा रेटा अजून जाड असलेल्या, बुशने धरलेल्या बारवर येतो आणि मागे राहिलेल्या बारीक दांड्याला फक्त टूलचे टोक स्पर्शून जाते. टोक धारदार हवे, त्याची त्रिज्या अगदी लहान हवी, एवढीच अट. मिनिटाला ८००० फेरे आणि फेऱ्याला ०.००८ मिमी फीड (बारची सरक) ठेवले. सहा मिमी कापायला सहा सेकंदही लागत नाहीत. पहिल्या दहा नगांत डोक्याशी आणि टोकाशी दोन मायक्रॉनहून जास्त फरक नाही.

२१ जून २०२४

दांडा ०.७९६ वर स्थिर केला की डोक्याचा व्यास ठरलेल्या २.५४० ऐवजी २.५३६ येतो. दोन्ही व्यास एकच टूल कापते, प्रोग्राममध्ये दोन्ही आकडे बरोबर आहेत, स्लाइड तपासली, तिच्यात दोष नाही.

टूलची उंची शोधून काढायला दुपार गेली. टूल मध्यरेषेच्या ०.०५ मिमी खाली बसले होते. १० मिमी व्यासाच्या जॉबवर एवढ्या चुकीने व्यास अर्धा मायक्रॉन वाढतो, म्हणून आम्ही आजवर याची फिकीर केली नाही. २.५४ वर ती चूक दोन मायक्रॉन होते, ०.८० वर सहा, आणि ०.५० च्या पिव्हटवर तब्बल दहा. आम्ही ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) देऊन सहा मायक्रॉन खाल्ले, त्यामुळे दांडा मापात आला आणि डोके चार मायक्रॉनने खाली गेले. पट्टी घालून टूल वर उचलले आणि दोन्ही मापे एकदम जागेवर आली. दोन वेगळ्या व्यासांमधला फरक पाहून टूलची उंची ओळखता येते, ही या कामातून हाती लागलेली युक्ती मी सेटिंगच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे.

२७ जून २०२४

मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे संदर्भ तापमान १९३१ पासून मानले जाते आणि आमच्या गाळ्यात आज ३१ अंश आहे. वातानुकूलन लावावे का, यावर चर्चा झाली. नगापुरते पाहिले तर गरज नाही: ०.८० मिमी पोलाद अकरा अंशांनी वाढते ते मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढे. पण मशीन काही ०.८० मिमीचे नाही. सकाळी सुरू केल्यापासून पहिल्या पाऊण तासात स्पिंडल आणि स्लाइड तापतात, आणि त्या वेळात दांड्याचा व्यास सहा मायक्रॉनने सरकतो. सूट आठ मायक्रॉनचीच आहे. ठरवले असे की मशीन पाऊण तास रिकामे चालवायचे, जेवणाच्या सुटीतही बंद करायचे नाही आणि तेल फिरते ठेवायचे. कापण्यासाठी पाण्यात मिसळणारे कूलंट न वापरता शुद्ध कटिंग ऑइल घेतले आहे. पावसाळ्यात पाण्याच्या कूलंटने एवढ्या छोट्या नगांना रात्रभरात गंज धरतो आणि ते कुजून वासही मारते.

८ जुलै २०२४

रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसाने लोकल कोलमडल्या. ऑपरेटर पोचू शकले नाहीत. काम बंद.

११ जुलै २०२४

मागचा पिव्हट. डोके तयार झाल्यावर त्याच्या मागे बारमध्ये शिरून ०.५० मिमीचा पिव्हट काढायचा आणि तिथेच नग तोडायचा. या क्षणी तयार झालेला सगळा नग केवळ अर्ध्या मिमीच्या काडीला लटकलेला असतो आणि ८००० फेऱ्यांनी फिरत असतो. पहिल्या प्रयत्नात वीसपैकी सात नग पिव्हटाशी पिळले गेले.

समोरच्या सब-स्पिंडलने (समोरून नग धरणाऱ्या दुसऱ्या फिरत्या भागाने) डोके आधी पकडले आणि मग पिव्हट काढला, तर नग दोन्हीकडून धरलेला राहतो. लांब दांडा सब-स्पिंडलच्या कॉलेटच्या (नग आवळून धरणाऱ्या पकडीच्या) पोकळीत सुरक्षित जातो आणि पकड २.५४ च्या डोक्यावर येते. दोन्ही स्पिंडल एकाच गतीने आणि एकाच कोनात फिरले पाहिजेत, नाहीतर पुन्हा पिळणे आले. तोडल्यानंतर पिव्हटाच्या टोकावर राहणारा बारीक कोंब सब-स्पिंडलमध्येच साफ होतो. त्यानंतरच्या शंभर नगांत पिळलेला एकही नाही.

या कामात आजवर जे जे अडले, त्या प्रत्येक वेळी प्रश्न एकच निघाला आहे: या घडीला दांड्याला कोण धरून आहे? पुढच्या प्रत्येक टप्प्याची आखणी याच प्रश्नापासून सुरू करायची असे काका आणि मी ठरवले.

१९ जुलै २०२४

दात कापण्यासाठी ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळ्याला गेले होते. तिथल्या एका कारागिरांकडे मीटरची छोटी चाके कापायचे जुने हॉबिंग मशीन आहे. मॉड्यूल ०.२ चा हॉब, दाताची पूर्ण खोली ०.४५ मिमी, म्हणजे दातांच्या बुडाशी व्यास १.६४. दांडा कॉलेटमध्ये आणि मागचा पिव्हट पोकळ सेंटरमध्ये धरला.

इथे महत्त्वाचे आहे ते दातांचे वर्तुळ आणि दांडा यांचे केंद्र एक असणे. पिनियनच्या पिच वर्तुळाचा परीघ ६.२८ मिमी आहे आणि एका फेऱ्याला काटा १ मिमी दाखवतो. केंद्र १० मायक्रॉन सरकले तर वाचनात दर मिलिमीटरला एकदा दीड मायक्रॉनहून थोडी मोठी लाट वर आणि तेवढीच खाली येते. मी ५ मायक्रॉनची मर्यादा सांगितली. त्यांनी सुरुवातीला नकारार्थी मान हलवली. मग जुना कॉलेट काढून नवा घातला, त्यात एक सरळ पिन धरून डायल लावला आणि कॉलेट चार वेगवेगळ्या स्थितींत फिरवून जिथे डोलणे सर्वांत कमी होते तिथे पक्का केला. चार मायक्रॉन मिळाले. त्यांच्या हाताची सफाई पाहण्यासारखी आहे: चिमट्याने नग उचलून कॉलेटमध्ये सोडताना तो एकदाही काठाला लागला नाही.

दातांच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली बारीक कोर, राहते. ती ताठ केसांच्या ब्रशने आणि उरलेली सूक्ष्मदर्शकाखाली बांबूच्या चिरलेल्या काडीने काढतो. धातूची सुई वापरली तर दाताला ओरखडा जातो.

२९ जुलै २०२४

पोलादाला पाणी देण्याचा पहिला प्रयत्न आज पूर्ण फसला, आणि यात चूक माझीच आहे.

हवेत कार्बन जळू नये म्हणून वीस नग स्टेनलेस फॉइलच्या पुडीत बांधले, भट्टीत ७९० अंशांवर तापवले, पुडी बाहेर काढून कात्रीने कापली आणि नग तेलात ओतले. मोठ्या जॉबसाठी आम्ही नेहमी असेच करतो. परिणाम: काही नगांना कानस सरळ लागते (म्हणजे ते मऊच राहिले), काहींना अजिबात लागत नाही, आणि बहुतेकांचे दांडे वाकलेले. टोकाचे डोलणे चाळीस मायक्रॉनपर्यंत.

रात्री बसून हिशेब केला. एक किलोचा ठोकळा भट्टीबाहेर चार सेकंद राहिला तरी त्याला पत्ता लागत नाही. पण ०.११ ग्रॅमच्या नगाला उष्णता साठवायला वस्तुमानच नाही. एवढ्या बारीक पोलादाचे तापमान लाल अवस्थेत उघड्या हवेत सेकंदाला चाळीस अंशांच्या आसपास उतरते. पुडी कापायला चार सेकंद लागले, म्हणजे तेलात पोचेपर्यंत काही नग सव्वासहाशे अंशांवर आले होते. तिथे पोलादाची रचना आधीच मऊ प्रकारात बदलू लागते, आणि मग तेलात बुडवून काही साधत नाही. वाकण्याचे कारण वेगळे: नग आडवे पडले, त्यांची एक बाजू आधी थंड झाली.

६ ऑगस्ट २०२४

नवी मांडणी. दीड मिमी जाडीच्या स्टेनलेस पत्र्यात एक मिमीची पन्नास भोके पाडली, एकमेकांपासून दहा मिमी अंतरावर. प्रत्येक भोकात एक नग सोडला: दांडा खाली लोंबतो आणि डोके पत्र्यावर टेकते. मधल्या जागेत मोठी भोके वेगळी पाडली, म्हणजे तेलाचा धूर आणि बुडबुडे पत्र्याखाली अडकणार नाहीत. पत्रा आडवा धरून सरळ खाली बुडवला की सगळे दांडे टोकाकडून, उभे, चहूबाजूंनी सारखेच थंड होतात.

फॉइलची पुडी रद्द केली. त्याऐवजी कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर स्पिरिटमध्ये घोळून नग त्यात बुडवले आणि वाळवले. भट्टीत तिचा काचेसारखा पातळ थर होतो आणि हवा पोलादापर्यंत पोचत नाही. सोनार मंडळी दागिना काळा पडू नये म्हणून हेच करतात, आणि ही सूचनाही काकांच्या एका नातलग सोनारांकडूनच आली. तेलाचे भांडे भट्टीच्या दाराशी टेकवून ठेवले. दार उघडल्यापासून तेलापर्यंत एक सेकंद. नंतर उकळत्या पाण्यात बोरिकचा थर विरघळतो.

पन्नासपैकी सेहेचाळीस नगांचे डोलणे दहा मायक्रॉनच्या आत. कानस कुठेच लागत नाही.

१३ ऑगस्ट २०२४

टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलके तापवणे, २५० अंशांवर एक तास. घासलेल्या दांड्यावर तपकिरी झाक असलेला गवती रंग येतो. नग इतका लहान की कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेलच्या मशीनवर तो टिकणार नाही, म्हणून तीन नग रेझिनमध्ये बसवून, कापून, पॉलिश करून प्रयोगशाळेत मायक्रो व्हिकर्सवर २०० ग्रॅम भाराने तपासून घेतले. ६५५ ते ६८५ आले. कडेला आणि मध्यभागी फरक नाही, म्हणजे कार्बन जळालेला नाही. बोरिकच्या थरावर माझा विश्वास आता पक्का बसला.

२० ऑगस्ट २०२४

पाणी दिल्यावर दांडा एक ते दोन मायक्रॉन फुगतो. हे धरून टर्निंगचे माप ०.७९४ वर आणले होते. शेवटी बेअरिंगमध्ये फिरणारा भाग कार्बाइडच्या गुळगुळीत पट्टीने दाबून चकचकीत केला. या कामाला काका कोणालाही हात लावू देत नाहीत. दांडा व्हीच्या खाचेत पूर्ण लांबीवर टेकवतात आणि पट्टी त्यावरून तिरकी फिरवतात.

मोजण्याबद्दल एक नोंद. मायक्रोमीटरची पकड पाच ते दहा न्यूटनची असते. १८ जूनला एका न्यूटनने दांडा किती वाकतो ते पाहिलेच आहे. जबड्यात दांडा जरा तिरका बसला तरी माप घेता घेता नग वाया जातो. म्हणून सगळी मोजणी प्रोजेक्टरवर, शंभरपट मोठी करून घेतो. पडद्यावर ८ मायक्रॉनची सूट ०.८ मिमीच्या पट्ट्याएवढी दिसते. दोन दिवस सगळे नग तीन मायक्रॉन जाड दिसत होते, ते तेलाच्या थरामुळे. आता मोजण्याआधी नग दोनदा धुतो, दुसऱ्या वेळी स्वच्छ स्पिरिटमध्ये, आणि वाळू देतो.

२७ ऑगस्ट २०२४

दहीहंडी. ठाण्यातले रस्ते बंद, गाळा बंद. काल संध्याकाळपर्यंत तपासून झालेले नग ३४८.

३ सप्टेंबर २०२४

तयार नग ४१२. चार बार संपले, पाचवा अर्धा. ज्या नगांनी टर्निंग पार केले त्यांतले सर्वाधिक नग दात कापल्यावरच्या बर काढण्यात गेले, पाणी देण्यात नव्हे. पुढच्या वेळी हॉब बाहेर पडतो त्या बाजूला डोक्याच्या कडेला बारीक उतार टर्निंगमध्येच द्यायचा आहे. नग प्रत्येकी वेगळ्या खाचेच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवले, एकत्र पिशवीत नाहीत. ट्रेमध्ये भरण्याआधी सगळे डीमॅग्नेटायझरमधून काढले, कारण चिमट्याच्या चुंबकत्वाने दोन नग एकमेकांना चिकटले की वेगळे करताना दांडा वाकतो.

ते व्यावसायिक दुपारी आले. सोबत एक उघडे गेज आणले होते. काकांनीच पिनियन बसवला, केसासारखी स्प्रिंग जुळवली, काटा दाबून लावला. प्लंजरखाली स्लिप गेज (अचूक जाडीचे ठोकळे) ठेवत ठेवत एक मिमीचा पूर्ण फेरा दहा टप्प्यांत तपासला. सर्वांत मोठी चूक तीन मायक्रॉन, आणि परत येताना काटा शून्यावर आला. त्यांनी काही न बोलता प्लंजर आणखी चार-पाच वेळा दाबून सोडला, प्रत्येक वेळी काटा त्याच रेघेवर येतो का ते पाहत.

निघताना त्यांनी खिशातून दुसरी पुडी काढली. याच गेजमधला सोळा दातांचा पिनियन, रॅकमध्ये गुंतणारा. त्याला मात्र ०.१९९ मॉड्यूलच लागणार, तिथे ११.०० सारखी सुटका नाही. हॉब न करता एका दाताचा कटर रॅकच्या नमुन्यावरून घासून, डिव्हायडिंग हेडवर (फेऱ्याचे समान भाग करणाऱ्या साधनावर) एकेक खाच कापावी असा विचार आहे. कटरचा आकार प्रोजेक्टरवर पन्नासपट रेखाटनाशी जुळवून घासावा लागेल. उद्या रबाळ्याला फोन करून डिव्हायडिंग हेडची अचूकता विचारायची आहे.